बांधाकडची वायर

“एक अडीअडचणीला असू द्या,” हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि माझं काम असं की ते सारखं ऐकावं लागतं. मी नेटवर्क लावते. लोणावळ्याची रिसॉर्ट असोत नाहीतर उर्स्याकडचे कारखाने, दोन इमारती जोडायच्या म्हटलं की मालक सांगतात, दोन वायरी टाका, एक चालवा आणि एक अडीअडचणीला असू द्या. मग पहिली वायर जीव जाईपर्यंत राबते आणि दुसरी वर्षानुवर्षं आराम करते. आमच्या आईने असाच एक कपबशांचा सेट पाहुण्यांसाठी फळीवर ठेवून दिला होता. पाहुणे आले की तो खाली काढून, विसळून, पुसून होईपर्यंत पाहुण्यांचा चहा रोजच्याच कपांतून पिऊन झालेला असायचा.

त्या दिवशी उर्स्याला एका कारखान्याच्या शेडमध्ये डबा उघडून बसले होते, तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. ताई माझी थोरली बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं हातांनी चालतं. मळवलीला कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. ताई तिथेच शिकली आणि आता तिथेच मदतनीस आहे. दहावीच्या वर्गात ती मुलांबरोबर बसते आणि जे निसटलं ते त्यांना परत समजावते.

चित्र भयंकर अडकत होतं. ऐकणाऱ्या माणसांचा फोन अडखळला तर “हॅलो, हॅलो” करून भागतं. इथे हात अडकला की शब्दच अडकला. ताईचा उजवा हात हवेत गेला तो तिथेच राहिला, आणि हलला तेव्हा ती पुढचं सगळं सांगून मोकळी झाली होती. “परत सांग, परत सांग” करत शेवटी मला कळलं ते एवढंच, की बाईंचा तास बंद होणार आहे. मी डबा तसाच झाकला.

बाई म्हणजे शाळेच्या गणिताच्या बाई. त्यांनाही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्या पुण्याला भावाकडे होत्या. लोकलची पायरी चढणं शक्यच नव्हतं. म्हणून शाळेने वर्गात मोठा पडदा लावला आणि बाई पुण्यातल्या खोलीत बसून दहावीला गणित शिकवायला लागल्या. पण वर्गातही हीच रड. पडद्यावर बाईंचे हात अडकायचे आणि बाईंना मुलांचे हात दिसायचे नाहीत. शेवटी संस्थेने ठरवलं, की शनिवारी सगळ्या विश्वस्तांनी वर्गात बसून तास बघायचा. चित्र असंच अडकलं तर गणित एका ऐकणाऱ्या मास्तरांकडे द्यायचं, जे फळ्यावर लिहून शिकवतील, आणि बाईंना शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा. मास्तरांना हातांची भाषा येत नव्हती.

बाई आमच्या कोण लागतात हे सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. आमचं घर कान्ह्याचं, विहाराच्या समोरचं. ताई लहान असताना आम्ही घरातल्या घरात खाणाखुणा करून भागवायचो. जेव, झोप, इकडे ये, मार खाशील. बस, तेवढंच. मग बाबांनी तिला मळवलीच्या शाळेत नेलं. मी बाबांच्या कडेवर होते, त्यामुळे मला आठवतंय म्हणण्यापेक्षा मी ते इतक्यांदा ऐकलंय की आठवतंय असं वाटतं. शाळेच्या ओट्यावर बाई बसल्या होत्या आणि दोन मोठ्या मुलींशी हातांनी गप्पा मारत होत्या. ताईने आयुष्यात पहिल्यांदा मोठं माणूस असं बोलताना बघितलं. ती त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली ती उठेचना. संध्याकाळी घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, “आपली पोरगी मुकी न्हाई गं. आपल्यालाच बोलता येत न्हवतं.” आणि रडले. बाबांना रडताना आईनेही तोवर बघितलं नव्हतं म्हणे.

आम्हा सगळ्यांना ही भाषा बाईंनीच शिकवली, पालकांच्या रविवारी, ओट्यावर बसवून. त्या भाषेत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं आणि ते आपण आपलं ठेवायचं नसतं, दुसऱ्याने द्यायचं असतं. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि नाकाचा शेंडा चिमटीत धरला. माझ्या नाकावर कायम राग असतो, म्हणून. ते नाव आजतागायत चिकटलंय.

रागावरून आठवलं. ऐकू न येणाऱ्या बहिणीशी भांडायचं तर सगळ्यात दुष्टपणाची गोष्ट कुठली? पाठ फिरवणं. आपण पाठ फिरवली की तिचं तोंड बंद. मी हे लहानपणी सर्रास करायचे. मग ताई घरातला दिवा बंद-चालू, बंद-चालू करत सुटायची, मी वळेपर्यंत. आई चुलीपाशी बसून ओरडायची, “आगं बल्ब जाईल! बटनाचा खेळ करता व्हय?” आणि मीही ताईला हाक मारायची तर दिवाच लुकलुकवायचे. आमच्या घरात हाक मारायची पद्धतच ती.

तर मी बुधवारी सुट्टी टाकली आणि मळवली गाठली.

शाळेच्या दोन इमारती आहेत. रस्त्याला लागून ऑफिस, आणि मधली भातखाचरं ओलांडून पलीकडे वर्ग आणि वसतिगृह. इंटरनेट येतं ते ऑफिसात. मुलांसाठी हातांच्या भाषेतले धड्यांचे व्हिडिओ असतात, तेही ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर. दोन्ही इमारतींत एकेक नेटवर्कचा स्विच, म्हणजे जिथे सगळ्या वायरी एकत्र येतात ती पेटी. आणि या दोन पेट्या जोडायला दोन फायबरच्या वायरी. एक रस्त्याच्या कडेने गेलेली, दुसरी खाचरांच्या बांधावरून.

संस्थेचे सचिव मला ऑफिसात भेटले. रेल्वेतून निवृत्त झालेले, लोणावळ्याचे, स्वच्छ कपड्यांतले गृहस्थ. मी भांडायच्या तयारीतच गेले होते, पण माणूस वाईट नव्हता, उलट त्यांनी आधी चहा मागवला.

“मला काय हौस आहे का बाईंना घालवायची?” ते म्हणाले. “पण मुलांचं दहावीचं वर्ष आहे. तास अर्धा तर ताटकळण्यातच जातो.”

“सर, ही दुसरी फायबर काय करते?”

“बांधाकडची? ती अडीअडचणीला. पहिली गेली तर आपोआप सुरू होते म्हणाला कंत्राटदार.”

“कधी झालीये का?”

“देवाच्या दयेने वेळच आली नाही.”

मी कपाळाला हात लावायची राहिले. सगळा भार रस्त्याकडच्या वायरवर होता. वसतिगृहाचे आणि वर्गांचे कॅमेरे दिवसभर चित्रं ऑफिसकडे पाठवत होते, बाकीचे वर्ग टॅबवर धडे बघत होते, आणि त्याच गर्दीतून बाईंचे हात वाट काढत येत होते. सुट्टीच्या दिवशी एक्सप्रेसवेवर गाड्यांच्या रांगा लागाव्यात आणि जुन्या हायवेला मात्र साखळी लावून ठेवावी, तसला प्रकार.

आता साखळी का, तर त्यालाही कारण आहे, उगाच कंत्राटदाराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. स्विचला काही निरोप असे येतात की ते सगळ्यांना वाटायचे असतात. दोन वाटा उघड्या असल्या की एका वाटेने गेलेला निरोप दुसऱ्या वाटेने परत येतो, स्विचला वाटतं हा नवाच, की पुन्हा वाटप. असा निरोप गरगर फिरत राहतो आणि बघता बघता सगळं नेटवर्क आडवं होतं. म्हणून स्विच स्वतःच शहाणपणाने एक वाट बंद ठेवतो. पण त्यावर उपाय आहे. दोन्ही पेट्यांना समजावून सांगायचं, की बाई गं, या दोन वाटा नाहीतच, ही एकच वाट आहे, दोन लेनची. मग गोल फिरण्याचा प्रश्न मिटतो आणि दोन्ही लेन वापरता येतात. एकाचं बोलणं एकाच लेनमधून जातं, पण सगळ्यांची बोलणी दोन्हींत वाटली जातात, आणि एक लेन तुटली तर तिच्यातली गर्दी दुसरीत सरकते. निदान सरकायला हवी.

मी ते दुपारपर्यंत केलं. वर्ग सुटल्यावर ताईने बाईंना पडद्यावर बोलावलं. बाहेर धुकं इतकं की खाचरं दिसत नव्हती, वर्गात सकाळपासून ट्यूबलाइट चालू होत्या, आणि त्या उजेडात भल्यामोठ्या पडद्यावर बाई आल्या. केस पिकले होते, गाल बसले होते. पण हात! जराही न अडकता, आमच्या लहानपणी ओट्यावर चालायचे तसे चालले. त्यांनी मला बघितलं आणि नाकाचा शेंडा चिमटीत धरला. मी रडले असते, पण ताईसमोर रडायचं म्हणजे पुढे महिनाभर चिडवून घ्यायचं.

सचिवांनाही मी मान ताठ करून सांगितलं, झालं म्हणून. माझी कॉलर भलतीच कडक झाली होती. आणि गुरुवारी तोंडावर आपटले.

त्या दिवशी धडा होता वर्तुळाच्या स्पर्शिकेचा. ताईने मुलांना जागेवर बसवलं, सगळे पडद्याकडे वळले, आणि बाईंचं चित्र थिजलं. आधीसारखं अडखळणं नाही, चक्क थिजलं. पाणी प्यायला उठून परत यावं इतका वेळ. मग आलं आणि झकास चाललं. बाईंनी डाव्या हाताचं वर्तुळ केलं, उजवा तळवा सरळ धरून त्या वर्तुळाकडे आणायला लागल्या, आणि पुन्हा थिजलं. हात वर्तुळाला टेकायच्या आधीच. मुलं बघत बसली. पहिल्या बाकावरची एक मुलगी स्वतःचे दोन हात तसेच धरून थांबली होती, बाईंचा हात पुढे सरकला की आपलाही सरकवायचा म्हणून. चित्र परत आलं तेव्हा बाई विचारत होत्या, “आहात का? दिसतेय का मी?” तासभर हेच चाललं.

शेवटी मुलं जेवायला गेली आणि बाई ताईशी बोलल्या. मी बाजूला उभी होते.

“सरांचं बरोबर असेल,” बाई म्हणाल्या. “मुलांचं वर्ष आहे. मी थांबते.”

आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. ज्यांना ही भाषा येत नाही त्यांना हे कसं सांगू? आपल्यातलं कुणी बोलताना गप्प झालं, तर ते नुसतं गप्प होतं. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि मला वाटलं, या बाईचं सगळंच कुणीतरी काढून घेतलं. 

सचिवांनी मला बोलावून घेतलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. “तुम्ही मनापासून केलंत,” म्हणाले, “पण होतं तसं करून ठेवा. आधी निदान अडखळत का होईना, चालत होतं.”

“मला उद्याचा दिवस द्या, सर.”

“परवा शनिवार आहे.”

“माहीत आहे.”

गुरुवारची दुपार मी सगळं तपासण्यात घालवली. मुलं जेवायला, मुलं मैदानावर, वर्ग रिकामा. ट्यूब चालू, पडदा चालू, मी इकडून तिकडे निरोप पाठवतेय आणि एकही हरवत नाहीये. दोन्ही लेन स्वच्छ. फायबर दोन्हीकडून पुसली, टोकाच्या छोट्या जोडवायरी बदलल्या. काही म्हणजे काही सापडलं नाही. रात्री घरी बाबांनी विचारलं, “काय गं, झालं का काम?” तर मी त्यांच्यावरच खेकसले. बाबा म्हणाले, “बरं बाई, न्हाई इचारत,” आणि ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

शुक्रवारी मी ठरवलं, की तास चालू असताना रॅकपाशीच उभं राहायचं. रॅक म्हणजे स्विच ठेवलेलं कपाट, ते वर्गाच्या मागच्या भिंतीला आहे. तास सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला पडदा थिजला. मी तेव्हा नेमकी खाली वाकून लॅपटॉपची वायर लावत होते. मुलांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. दहावीची मुलं, त्यांच्या डोळ्यांत राग वगैरे काही नव्हता, कंटाळा होता. ताई दाराशी उभी होती, तिथून हातवारे करायला लागली.

“तुला येतं का हे नीट?”

“बघतेय ना!”

“कालपासून बघतेस. आधी बरं होतं. तू हात लावलास आणि बिघडलं.”

“मला शिकवू नकोस, ताई. तुला काय कळतं त्यातलं?”

“मला बाई कळतात. उद्या बाई जातील.”

 मी लहानपणापासून करते तेच केलं. पाठ फिरवली. रॅककडे तोंड करून, नाक फुगवून उभी राहिले.

ताईने दिव्याचं बटण दाबलं.

वर्गातल्या ट्यूब गेल्या. आणि माझ्या नाकासमोर, रॅकमध्ये, दोन लेनच्या दोन हिरव्या दिव्यांपैकी एक गेला. ट्यूब परत लागल्या. तो हिरवा दिवा काही लागला नाही. बऱ्याच वेळाने लागला, आणि मागे वळून न बघताही मला कळलं, की पडद्यावर बाई परत आल्या आहेत, कारण मुलांची बाकं करकरली.

मी वळले नाही. वळायला हवं होतं, पण त्या दिव्यावरून नजर हटेना. ताईला वाटलं, ही अजून रुसलेलीच. तिने पुन्हा बटण दाबलं. ट्यूब गेल्या, हिरवा दिवा गेला. अगं बाई गं! मी पाठमोरी राहूनच डोक्यावर हात नेऊन तिला खूण केली, “परत कर.” तिने केलं. “परत.” तिने केलं. “परत!” मग ती तरातरा चालत आली आणि मला दंडाला धरून फिरवलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, तिला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

गोष्ट एवढीशी होती. बांधाकडची फायबर वर्गाच्या पुढच्या भिंतीतून, फळ्याच्या वर येते. स्विचमध्ये फायबरला एकच जागा होती आणि ती रस्त्याकडच्या वायरने घेतलेली. म्हणून या दुसऱ्या वायरला एका छोट्या डबीत घातलं होतं, डबी तिचं साध्या वायरीत रूपांतर करते आणि ती साधी वायर रॅकपर्यंत जाते. डबीला वीज लागते. फळ्याच्या वर प्लग कुठला? ज्याने काम केलं त्याने जवळची ट्यूबलाइटची लाइन बघितली आणि त्यातून डबीला वीज देऊन टाकली. दुसऱ्या कुठल्याही शाळेत हे चालून गेलं असतं. सकाळी दिवे लागतात, संध्याकाळी विझतात, कुणाला पत्ता लागला नसता. पण या शाळेत दिवा म्हणजे घंटा, दिवा म्हणजे “अरे इकडे बघा”, दिवा म्हणजे “मागच्या बाकावरचा, झोपलास काय?” तास सुरू करायचा तर दिवा, मुलांचं लक्ष उडालं तर दिवा. मुलांना बाईंकडे बघा म्हणून ताई हाक मारायची आणि त्या हाकेनेच बाई बंद पडायच्या.

आणि ऑफिसातल्या स्विचला याची गंधवार्ता नव्हती. त्याच्या टोकालाही अशीच एक डबी होती, तिची वीज कधी जात नव्हती, त्यामुळे त्याला ती वायर धडधाकट दिसत होती. तो आपला बाईंचं चित्र त्या मेलेल्या लेनमध्ये ओतत राहायचा, डबी जागी होईपर्यंत. इतकी वर्षं ती वायर नुसती पडून होती तेव्हा दिवसातून कितीदा मरत होती आणि रात्री दिवे विझल्यावर तर रात्रभर मेलेली असायची, कुणाला कळलं नाही. अडीअडचणीला ठेवलेली ना! मी तिला कामाला लावलं तेव्हा कुठे तिचं दुखणं बाहेर आलं.

मला हे आधी सुचायला हवं होतं म्हणाल, तर हवं होतं. दिव्याने हाका मारणाऱ्या घरात वाढलेली मी. पण खरं सांगू का, घरातल्या हाकेकडे कोण वीज म्हणून बघतं?

डबीची वीज मी रॅकमधल्या बॅटरीवर घेतली, जी दिवे गेले तरी चालू राहते. आणि दोन्ही स्विचना सवय लावली, की दोन्ही लेनमधून एकमेकांना सारखं “आहेस ना?” विचारत राहायचं. उत्तर आलं नाही की त्या लेनमध्ये काही टाकायचं नाही. मग मुलं खेळायला गेल्यावर सचिवांना बोलावलं. ताईने बाईंना पडद्यावर आणलं. मी आधी बांधाकडची वायर उपटली. बाई बोलत राहिल्या. ती लावली, रस्त्याकडची उपटली. बाई बोलतच राहिल्या. दुसरी सुरू होते का याची वाट बघायची वेळच आली नाही, ती चालूच होती.

“आता दिवा,” मी सचिवांना म्हटलं. “तुम्हीच दाबा.”

“छे छे, मुलांच्या ताई आहेत ना,” ते म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले. इतकी वर्षं संस्थेत असून त्यांनी ते बटण कधी दाबलं नव्हतं. वर्गात आले की सवयीने “मुलांनो” म्हणायचे, मग ओशाळायचे, आणि ताई दिवा लुकलुकवून त्यांची हाक पोचवायची. तेव्हाही तिनेच दाबलं. चित्र हललं नाही. सचिवांनी मान डोलावली, पण म्हणाले एवढंच, “उद्या बघू.”

शनिवारी मागची बाकं विश्वस्तांनी भरली. बाहेर पावसाची झोड उठली होती, छपरावरचा आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं, आणि ते फक्त आम्हा ऐकणाऱ्यांनाच जाणवत होतं. मी रॅकपाशी उभी. पडद्यावर बाई, इस्त्रीची साडी, केस चापून बसवलेले. त्यांनाही माहीत होतं, आजचा दिवस काय आहे ते. ताई दाराशी गेली, बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

दिवे गेले, आले. पुन्हा गेले, आले.

पडद्यावरच्या बाई थिजल्या नाहीत. त्यांनी मान वर केली. मला क्षणभर कळेना, त्या वर का बघतायत. मग लक्षात आलं, वर्गातला लुकलुकणारा दिवा त्यांना पुण्यात दिसला होता. इतके दिवस अडकत्या चित्रात ती हाक त्यांच्यापर्यंत धड पोचलीच नव्हती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आले, आले.”

तास झाला. बाईंनी परवाचा धडा पहिल्यापासून घेतला. डाव्या हाताचं वर्तुळ, उजवा तळवा सरळ, तो हळूहळू जवळ आला आणि एका जागी, एकाच जागी, वर्तुळाला टेकला. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीचाही हात टेकला. ताईने मधे कितीदा तरी दिवे लुकलुकवले, मला तर वाटतं, थोडे जास्तच. मुलांनी उत्तरं दिली, बाईंनी ती बघितली, एकाचं चुकलं तर त्याला पडद्यातून बोट दाखवून उभं केलं.  मी रॅकला टेकून उभी होते आणि दोन्ही हिरवे दिवे एकसारखे लुकलुकत होते.

तास संपला तेव्हा विश्वस्त आपसात कुजबुजले आणि सचिव उठले. सवयीने म्हणाले, “मुलांनो…” अर्थात कुणीच बघितलं नाही. मुलं दप्तरं आवरत होती, एकमेकांशी बोलत होती, बाई कागद गोळा करत होत्या. ताई दाराकडे निघाली. सचिवांनी तिला हातानेच थांबवलं. ते स्वतः चालत दाराशी गेले, बटणाकडे जरा वेळ बघत राहिले, आणि दाबलं.

सगळी मुलं वळली. पडद्यावर बाईही वळल्या. आता बोलायचं काय, हे सचिवांना कळेना. त्यांनी ताईकडे बघितलं. ताईने त्यांना दोन खुणा करून दाखवल्या, त्यांनी त्या मनाशी घोकल्या आणि मग पडद्याकडे तोंड करून, अवघडलेल्या हातांनी केल्या.

“सोमवारी. तास.”

 मला वाटलं, बाईंना कळलं नाही. मग त्या काठीचा आधार घेऊन उठल्या, पडद्याच्या बाहेर गेल्या, आणि पुण्यातल्या त्यांच्या खोलीतला दिवा गेला, आला.